डोंगरावरची मोजणी

आठवडाभर सणसवाडीच्या कारखान्यात राबून रविवारी मी यवतजवळच्या डोंगरावर रोपं मोजायला जायचो. डोंगरावर पुन्हा जंगल यावं म्हणून एक कंपनी गावाला पैसे देत होती. अट एकच, चराई बंद. उगवलेली रोपं मोजून फॉर्म भरायचं काम आम्हा स्वयंसेवकांचं.

तिसऱ्या वर्षी मोजणीसाठी टेपनं आखलेल्या एका चौकोनातली सगळी रोपं शेंड्यापासून खाल्लेली दिसली. राखणदार आप्पा शेजारीच उभे होते.

"शेळ्या आल्या होत्या का, आप्पा?"

"माजीच व्हती. बाकीच्या इकल्या, एक ठिवलीय. म्हातारीला दुधाबिगर काय पचत न्हाई."

मी तिथंच दगडावर बसलो. "मग काय लिहू?"

"हाय ते लिवा. खोटंच लिवायचं तर मोजायचं कशाला?"

मी लिहिलं. महिन्याभरात आप्पांचं राखणीचं काम गेलं. पुढच्या मोजणीला मी एकटाच डोंगर चढलो, तर आप्पा आधीच वर येऊन थांबलेले.

"टेपचं दुसरं टोक कोण धरणार तुमचं?" ते म्हणाले.

मी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं मोजत राहिलो.