मला विरोधी बाजू दिली

काकांचा हात माझ्या पाठीवर पडला. शाबासकीचा. पण शाबासकी एका जागी थांबते. हा हात डाव्या खांद्यावरून तिरका खाली सरकला. बोटं शर्टावरून दाबत, चाचपत. जानवं शोधत होती. ते नव्हतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं काकांचं बेसमेंट. काका नात्यातले नव्हेत, आमच्या मराठी मंडळातले सगळ्यांचे काका. मंडळाच्या वादविवादाची तालीम. विषय : फाळणी पुसून भारत-पाकिस्तान पुन्हा एक व्हावेत का? मी 'व्हावेत' म्हणणाऱ्या बाजूचा. नुकतंच भाषण केलं होतं. माती एक, नद्या एक, जेवणाची चव एक, मधली रेषा तेवढी परक्यानं ओढलेली. टाळ्या पडल्या. माझी शाळकरी मुलगी मागच्या खुर्चीतून सगळ्यांत जोरात वाजवत होती.

"गोत्र कोणतं रे तुझं?" काकांनी सहज विचारलं.

"कश्यप."

अमेरिकेत आल्यापासून हे उत्तर मी तयार ठेवलेलं.

काका हसले. "कश्यप. ज्याला गोत्र माहीत नसतं, त्याला भटजी हेच देतात."

सगळे हसले. मीही हसलो.

ते हसले, हे मी केव्हाही लिहिलं असतं. मी हसलो, हे लिहायला हात उचलत नव्हता.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. गावानं त्यांचं काम बंद केलं, तरी त्यांनी देव परत आणले नाहीत. आणि त्यांचा नातू न्यू जर्सीत बसून एका ऋषीचा वंशज झाला. आडनाव टाकलं, गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं केलं. घरातली बुद्धमूर्ती बघून पाहुणे म्हणायचे, काय सुंदर शोपीस आहे. मी म्हणायचो, हो ना, सेलमध्ये मिळाली. मुलीच्या देखत म्हणायचो.

दोन-तीन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. म्हणाले, जरा बाजू बदलू या, तू विरोधात बोल. मी कारण विचारलं.

"अरे, अखंड देशाची बाजू आपल्यापैकी कुणी मांडलेली बरी दिसते."

"चालेल काका," मी म्हणालो.

चालेल. आयुष्यभर हेच म्हणत आलो.

मुलीला सांगितलं, शेड्यूलचा प्रॉब्लेम आहे म्हणून बाजू बदलली.

"बाबा, त्या दिवशी ते तुला हसत होते. यू लाफ्ड टू. का?"

मग सांगावंच लागलं. जात, गाव, आजोबा, नदी. मूर्ती सेलमधली नाही, माझ्या आईनं दिलेली, हेही. ती रडली नाही.

"सो यू वेअर अशेम्ड ऑफ देम," ती म्हणाली. आणि मग, "ऑफ मी टू?"



स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. माईकसमोर आधी माझं खरं आडनाव सांगितलं. जात सांगितली. पाठीवरचा हात सांगितला, फोनवरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काका पहिल्याच रांगेत होते. मग म्हणालो, "मी तुमच्यापैकी नाही, हे तुम्हीच ठरवलंत. मग लाहोरच्या माणसाला कशाला बोलावता? तो येईल, आणि तुम्ही त्याचीही पाठ चाचपाल."

वेळ शिल्लक होता, तरी घंटा वाजली. मागून कुणीतरी म्हणालं, "यार, इथं कशाला हे राजकारण?" फाळणीवर तासभर बोलत होते, ते राजकारण नव्हतं. टाळी एकही नाही. मुलीनंही वाजवली नाही. तिनं मला अजून माफ केलेलं नाही, आणि मी तशी घाईही करत नाही.

आता ओक ट्री रोडच्या देशी बाजारात ओळखीचे लोक मला बघून दुकानात शिरतात. बायको म्हणते, सोडून दे ना ते मंडळ, आपलं काय अडलंय.

सोडणार नाही. गुपचूप निघून गेलो तर त्यांची सोयच होईल. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला जाईन, खरं आडनाव सांगेन, पुढे बसेन. नको असेन तर त्यांनी मला काढावं. सगळ्यांसमोर, कारण तोंडानं बोलून.