काकांचा अंगठा

लग्नाची पत्रिका हातात आली की लोक आधी तारीख बघतात, मग जेवण कुठे आहे ते बघतात. मी अक्षर बघतो. वेलांटी शेजारच्या मात्रेला जाऊन धडकते का, दोन ओळींमध्ये श्वास घेण्यापुरती जागा सोडली आहे का, नवरदेवाचं नाव फुगवण्याच्या नादात नवरीच्या नावाचा चेंदामेंदा झाला आहे का. बायको म्हणते, "लगन कोनाचं हाय, थे तं सांगा आधी." ते मला बहुतेक वेळा सांगता येत नाही.

आर्णीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. फ्लेक्स यायच्या आधी बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांना आजही नावं ठेवतो. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचं दुमजली घर बघून मला कधी काही वाटलं नाही. पण दुसऱ्याच्या हातचं अक्षर माझ्यापेक्षा बरं दिसलं की माझ्या पोटात दुखतं. हा माझा जुना आजार आहे आणि त्यापायी मी एकदा फार वाईट वागलो. तेच सांगायला बसलो आहे.

चित्रकलेचा कोर्स संपल्यावर नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं मी यवतमाळात एका छापखान्यात खिळे जुळवायला होतो. खिळा म्हणजे शिशाचा बोटाच्या पेराएवढा दांडा आणि त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. लाकडी केसमध्ये लहान लहान खण असतात. क चा खण वेगळा, म चा वेगळा, काना-मात्रांचे आणि जोडाक्षरांचे आणखी वेगळे. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, आणि छापून झालं की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे. हे सगळं मला तिथल्या कंपोझिटरने शिकवलं. नात्यातले नव्हते, पण अख्खा छापखाना त्यांना काकाच म्हणायचा.

काका खणांकडे बघतच नसत. नजर मजकुरावर, हात आपला चालू. खिळ्याच्या अंगाला एक बारीक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा धरला आहे हे समजतं. "डोये कागदावर, बोटं खनात," एवढाच त्यांचा धडा होता.

प्रूफ निघालं की काका ते वाचत. चूक दिसली की पेन्सिलीने गोल करून कागद परत. काहीच सापडलं नाही तर शाईच्या दगडावर अंगठा टेकवायचे आणि प्रूफाच्या उजव्या कोपऱ्यात उमटवायचे. त्या अंगठ्याशिवाय मशीन हलत नसे, मालक समोर उभा असला तरी. पहिल्याच प्रूफाला अंगठा मिळाला, तर जुळवणाऱ्याने ते प्रूफ घरी न्यायचं, अशी तिथली रीत होती. बाकीच्यांच्या घरी अशी प्रूफं फडताळात जपून ठेवलेली मी पाहिली आहेत. दोन वर्षांत मी एकही घरी नेलं नाही. दर वेळी काही ना काही निघायचंच.

पुढे मला नोकरी लागली, काका थकून घरी बसले आणि छापखान्याच्या दर्शनी भागात फ्लेक्सचं मशीन आलं. मागच्या खोलीतलं पायाने चालवायचं ट्रेडल मात्र तिथेच राहिलं, कारण ते बाहेर काढायला भिंत फोडावी लागली असती. मी रविवारी एसटीने यवतमाळला जायचो, मालकाकडून किल्ली घ्यायचो, केसवरची धूळ झटकायचो, मशीनला तेल द्यायचो. मनातल्या मनात ती खोली मी माझ्या नावावर करून टाकली होती.

गेल्या वर्षी महिनाभर खंड पडल्यावर दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेलो, तर खोलीत दिवा लागलेला. केससमोर एक मुलगी उभी होती आणि खुर्चीत काका बसले होते.

मुलगी मारेगावची. शहरात डिझाइन शिकून परत आली होती आणि यवतमाळात खोली घेऊन वह्या, शुभेच्छापत्रं असं काही करून विकत होती. तिने मालकाला विचारलं होतं, मशीन चालवू का? मालक म्हणाले, चालव. बस, एवढंच. इतक्या वर्षांत हे तीन शब्द विचारायचं मला सुचलं नव्हतं. वर तिने काकांचं घर शोधून काढलं होतं आणि रोज त्यांना स्कूटीवर मागे बसवून आणत होती.

"जय भीम, मास्तर," काका म्हणाले. "पाह्य, पोरगी कशी खिये उचलून राह्यली."

मी पाहिलं. डोये कागदावर, बोटं खनात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

महिनाभरात तिथे दोरी बांधली गेली आणि दोरीला चिमट्याने अडकवलेलं एक प्रूफ मला दिसलं. उजव्या कोपऱ्यात काकांचा अंगठा. पहिल्या फेरीचा. मी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायलो. मग स्वतःची समजूत काढली, की म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतो, त्याला दिसतंय काय आणि तो तपासतोय काय! या विचाराने मला आठ दिवस बरं वाटलं.

पुढच्या खेपेला तिने एक कार्ड दाखवलं. त्यावर एकही शब्द नव्हता. नुसत्या अनुस्वाराच्या टिंबांनी तिने कापसाचं फुटलेलं बोंड छापलं होतं, कडेला टिंबं दाट आणि मध्ये विरळ. इतकं सुंदर होतं की माझ्या तोंडून चांगला शब्दच निघेना. "शाई जरा जास्त झाली," मी म्हणालो. तिने वहीत लिहून घेतलं, "सर म्हणाले, शाई कमी." घरी येऊन मी पेनाने तसंच बोंड काढायचा प्रयत्न केला. तीन कागद फाडले आणि कोणाशी न बोलता जेवलो.

मग काकांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका शिशाच्या खिळ्यांचीच हवी, असा काकांचा हट्ट. कार्डाच्या माथ्यावर छापायचे ठसे त्यांनी घरून कापडात गुंडाळून आणले. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, आता हे काम आपल्याला सांगतील. पस्तीस वर्षांची ओळख. काकांनी मजकुराचा कागद माझ्या नाकासमोरून त्या मुलीच्या हातात दिला.

"नव्या टाइपात जुयव," ते तिला म्हणाले.

छापखान्यात एकाच मापाचे दोन टाइप होते. एकाला जुना म्हणत, एकाला नवा. जुना अंगाने किंचित जाड, त्याच्या गाठी गोल. नवा सडपातळ. एकाच कारखान्यातून आलेले असल्यामुळे दोन्हींची खाच एकाच जागी, त्यामुळे बोटांना फरक कळत नसे. फरक कळायचा तो फक्त छापल्यावर, आणि तोही कळणाऱ्यालाच.

त्या संध्याकाळी मुलगी काकांना घरी सोडायला गेली. तिने तासभर बसून नव्या टाइपाची केस नीट लावून ठेवली होती. मी उठलो, जुन्याच्या केसमधून मूठभर खिळे घेतले आणि तिच्या केसमध्ये सोडले. क च्या खणात क, म च्या खणात म. शुद्धलेखनाची चूक एकही होणार नव्हती. पत्रिका घरोघर गेली असती आणि कोणाला काही खटकलं नसतं. हा गुन्हा ओळखू शकतील अशी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात तीनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला नीट दिसत नव्हतं.

मग हात धुतले, स्टँडवर जाऊन भजी खाल्ली आणि आर्णीची गाडी पकडली. हे लिहिताना लाज वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती. भजी चांगली लागली होती.

पुढच्या रविवारी मी जरा लवकरच गेलो. मनात एकच होतं. प्रूफावर अंगठा असणार, त्यात जुने खिळे असणार, आणि मी ते पोरीला एकटीला गाठून, अगदी प्रेमाने दाखवून देणार. तिचा चेहरा कसा होईल, याची मी बसमध्ये तालीम केली होती.

प्रूफ टेबलावर होतं. उजवा कोपरा कोरा होता.

"ये मास्तर," काका म्हणाले. "कालपासून तुह्याचसाठी थांबलो."

"माझ्यासाठी? काहून?"

"मले आता दिसते कुठं? पोरीच्या परूफाईले अंगठे देल्ले थे अंदाजानं. तिचा हात साफ हाय, म्हून चालून गेलं. पन हे नातीचं कार्ड हाय. इथं अंदाज नाही चालत." त्यांनी चाचपडत प्रूफ माझ्याकडे सरकवलं. "जुयवाले हिचे हात. वाचाले तुह्ये डोये. म्हून तुले जुयवाले नाही देल्लं. दोन वर्सं होता न तू, आपल्या ओयीपेक्षा दुसऱ्याच्या ओयीतल्या चुका पह्यले दिसत तुले. तवाच म्हनलं, हा वाचनारा मानूस हाय. तू हो म्हन, मंग मशीन चालू करू."

मुलगी हसून म्हणाली, "सर, मला तर धाकधूक होऊन राह्यली."

मी चष्मा पुसला. नको इतका वेळ पुसला. मग वाचायला लागलो आणि पहिल्याच ओळीत माझा एक म भेटला. जाडा, गोल गाठीचा, सडपातळ अक्षरांच्या पंगतीत मांडी घालून बसलेला. नातीच्या नावात एक होता. तिच्या आजोबांच्या, म्हणजे काकांच्या नावात दोन.

'साफ आहे' म्हणालो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण काकांनी माझे डोळे मागितले होते, आणि ती अक्षरं तशीच त्या कार्डावर जाऊ द्यायला माझा हात तयार होईना. मी पेन्सिल घेतली. एकेक गोल काढत गेलो.

"किती?" काकांनी विचारलं.

"अकरा. जुन्यातले नव्यात आलेत."

काका मुलीकडे वळून, मी त्या खोलीत कित्येक वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "खिये सोडताना ध्यान कुठं होतं तुह्यं? माह्या नातीचं कार्ड हाय हे!"

ती लालबुंद झाली. केसकडे बघितलं, हातांकडे बघितलं. "माझ्याच हातून मिसळले असतील, काका," ती म्हणाली. "चुकलं माझं."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. मी म्हणालो, "होतं असं, नवी आहे ती."

तिने चिमट्याने अकरा खिळे काढले, नवे बसवले आणि दुसरं प्रूफ काढलं. मी पुन्हा वाचलं. स्वच्छ होतं, आणि इतकं देखणं, की त्या क्षणीही माझ्या पोटात कुठेतरी दुखलंच.

"साफ आहे काका."

काकांनी शाईचा दगड माझ्याकडे ढकलला. "मंग लाव अंगठा. आता तुह्याच चालीन इथं."

मी अंगठा टेकवला आणि कोपऱ्यात उमटवला. ठसा सुरेख आला, रेघ न् रेघ मोकळी. पोलीस ठाण्यात घेतात तोही इतका चांगला येत नसेल. पत्रिका छापून झाल्यावर काका म्हणाले, "हे परूफ घरी ने, मास्तर. तुह्यं देनं राह्यलं होतं माह्याकडं."

ते प्रूफ आर्णीला माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या खाली. मी ते भिंतीवर लावलं नाही. लग्न झालं, काकांचं एका डोळ्याचं ऑपरेशनही झालं. मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. दर रविवारी सांगायचं ठरवून निघतो. त्या मुलीचा हेवा मला अजून वाटतो. पूर्वी तिच्या हातांचा वाटायचा. आता, 'चुकलं माझं' हे न केलेल्या चुकीसाठीही ती किती सहज म्हणाली, त्याचा वाटतो.

पत्रिका छापल्यानंतरच्या रविवारी मी गेलो, तेव्हा ती केससमोर जमिनीवर बसली होती. तिने सगळे खण उपसून आणखी चौदा जुने खिळे शोधून काढले होते आणि कागदावर ओळीने मांडून ठेवले होते. शेजारी एका ट्रेमध्ये पत्रिकेचे धुतलेले खिळे पडले होते, परत खणांत सोडायचे. मला बघून ती उठली आणि तो ट्रे दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"सर, आजपासून खिळे तुम्हीच सोडत जा," ती म्हणाली. "माझ्या हातून मिसळतात."