सव्वाबाराची लिफ्ट

बिल्डिंगमध्ये सगळे तिला लिफ्टबाई म्हणतात. नाव आहे, पगाराच्या पावतीवर येतं महिन्यातून एकदा, पण ते वाचतं कोण! सात मजले, एक लिफ्ट, आणि त्या लिफ्टमध्ये एका लाकडी स्टुलावर बसून अकरा वर्षं वर-खाली, वर-खाली करणारी ही बाई. कुणी गमतीनं विचारलंच की "काय गं, दिवसाला किती मजले चढतेस?" तर म्हणते, "चढते तेवढेच उतरते साहेब. शिल्लक शून्य."

लिफ्ट पण तिच्यासारखीच, जुनी. बटणंबिटणं नाहीत. जाळीचं सरकतं दार आणि एक पितळी हँडल. हँडल धरलं की चालणार, सोडलं की थांबणार. आणि सोडायचं कधी हे फक्त तिच्या मनगटाला माहीत. ते मनगट आता रात्रंदिवस ठणकतं, पण बदली माणूस ठेवला तर तो नेमका मजल्याच्या वीतभर खाली थांबवतो आणि लोक आत-बाहेर उड्या मारतात.

तिला दोन मुली. थोरली सातवीत, धाकटी चौथीत. शाळा बिल्डिंगच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे. थोरलीची शाळा सकाळी सात ते बारा, धाकटीची साडेबारा ते साडेपाच. नवरा बाहेरगावी कामाला, त्याचे पैसे येतात तेव्हा येतात. तर सगळं कसंबसं चाललं होतं, आणि मग शाळेनं गणवेश बदलला.

आधी साधा निळा स्कर्ट होता हो! कुठलंही निळं कापड घ्या, शेजारणीच्या मशीनवर शिवा, कामच संपलं. आता चौकड्यांचा स्कर्ट, त्याच चौकड्यांची कॉलर, खिशावर शाळेचं विणलेलं चिन्ह. मिळणार एकाच दुकानात, आणि तोही सेट. शर्ट, स्कर्ट, टाय, पट्टा, मोजे. किंमत ऐकून ती दुकानातल्या बाकड्यावर बसलीच. अर्ध्याहून जास्त पगार, तो पण एकाच मुलीच्या एका सेटला. शाळेनं वर लिहिलं होतं, प्रत्येक विद्यार्थ्यास किमान दोन सेट असावेत. किमान!

तिनं एक घेतला. एका मुलीला एक नाही. दोघींत एक.

त्यामागचं डोकं शेजारणीचं. शेजारीण शिलाई करते. तिनं स्कर्टचा खालचा काठ आतून चार बोटं दुमडला आणि सगळीकडून टिचबटणं लावली. बटणं काढली की स्कर्ट थोरलीचा, लावली की धाकटीचा. कमरेला दोन जागी हुक. शर्ट धाकटीला ढगळ होतो, पण तो खोचून वर पट्टा आवळला की कळत नाही. "फॉरेनची फॅशन आहे ही," शेजारीण म्हणाली, "फक्त आपल्याकडे गरज म्हणून आलीये."

प्रश्न होता बदलायचं कुठे. घर चालत पाऊण तास लांब. पहिले दोन दिवस पोरींनी शाळेच्या बाथरूममध्ये बदलला. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या वर्गातल्या दोघींनी पाहिलं आणि "भाड्याचा ड्रेस, भाड्याचा ड्रेस" सुरू केलं. थोरलीनं घरी येऊन दप्तर भिंतीवर आपटलं. मग आईच म्हणाली, "उद्यापासून माझ्याकडे यायचं."

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कोरी भिंत आहे, कारण तिसऱ्या मजल्यावरचा हॉल उंच आहे. बाकी कुठेही थांबवली तरी जाळीतून कुणाचे ना कुणाचे पाय दिसतात, तिथे मात्र समोर नुसता चुना. एका जागी चुन्याचा पोपडा निघालाय, पोरी त्याला बदक म्हणतात. तर रोज सव्वाबाराला लिफ्ट बदकासमोर थांबते. धाकटी घरच्या फ्रॉकमध्ये सकाळपासून जिन्याखाली अभ्यास करत बसलेली असते, थोरली शाळेतून पळत येते, दोघी आत, दार बंद, वर. आई बदकाकडे तोंड करून उभी, आणि पाठीमागे चार मिनिटं नुसती कुजबुज.

"ताई, ओला आहे गं हा. किती घामेजतेस!"

"पीटीचा तास होता. तू ये सातला, कळेल."

"आणि ही शाई? परत? काल बाई मला ओरडल्या. म्हणाल्या, चौथीत पेनच नाही तर शाई आली कुठून!"

"मग काय सांगितलंस?"

"वारशात मिळाली म्हणून."

"गप्प बसा दोघी," आई भिंतीकडे बघतच म्हणते. "बॅज बदला. सकाळचा लाल काढा, दुपारचा हिरवा लावा. मोजे विसरलात परवा."

मग टिच, टिच, टिच बटणं लागतात, हँडल फिरतं, धाकटी खाली उतरून रस्ता ओलांडते. संध्याकाळी गणवेश धुवायचा, पंख्याखाली टाकायचा, सकाळी थोरली अर्धवट ओला घालून निघते. वर्ष झालं असं. आईला एकच नवल वाटायचं. सव्वाबाराला लिफ्टची बेल कधी म्हणून कधी वाजली नाही! दिवसभर लोक बेलवर बोट ठेवून उभे असतात, पण ती चार मिनिटं शांत. "आपलं नशीब बाई," ती शेजारणीला सांगायची. "एवढं एक तरी नशीब आहे आपलं."

कारण सापडली असती तर नोकरी गेली असती. बिल्डिंगचा मॅनेजरसाहेब शिस्तीचा माणूस. लिफ्टमध्ये चहासुद्धा प्यायचा नाही असा त्याचा नियम.

आणि मग शाळेला पन्नास वर्षं झाली.

सोमवारी थोरलीनं नोटीस आणली, आईनं स्टुलावर बसल्याबसल्या सही केली. बुधवारी धाकटीनं आणली, तिच्यावरही केली. शनिवारी दोन्ही भिंतीवर खिळ्याला अडकवताना तिचं लक्ष गेलं. दोन्ही नोटिशींवर तोच दिवस. तीच वेळ, सकाळी साडेदहा. दोन्ही सत्रं एकत्र, पूर्ण गणवेश सक्तीचा, अन्यथा गेटमधून प्रवेश नाही. खाली पालकांची सही. दोन्हीकडे तिचीच.

ती तशीच हातात दोन्ही कागद धरून उभी. थोरली संचलनात होती, वर्गाचा झेंडा तिच्या हातात. धाकटी समूहगीतात, बुटकी म्हणून पहिल्या ओळीत, बरोबर माइकसमोर. दोघी महिनाभर घरात एक पाय आपटत होती आणि एक गात होती, डोकं उठवलं होतं नुसतं!

"मी नाही जात," थोरली म्हणाली. "झेंडा काय, कुणीपण धरेल."

"नको, ताईच जाऊ दे," धाकटी म्हणाली, आणि लगेच रडायलाच लागली, त्यामुळे त्या बोलण्याला काही अर्थ उरला नाही.

रविवारी आई दुकानात गेली.

"एक सेट द्याल का, फक्त एका दिवसासाठी? घालून परत आणते. धुऊन, इस्त्री करून."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हे कपड्यांचं दुकान आहे, वाचनालय नाही."

"मग जुना, डाग पडलेला, कुणी परत केलेला..."

"परत घेतच नाही आम्ही, तर आणणार कुठून?" मग त्यालाच कसंतरी वाटलं बहुतेक, म्हणाला, "पाणी घ्या थंड." ती पाणी पिऊन आली. दुसऱ्या मुलींकडे मागायचं तर त्या दिवशी सगळ्यांनाच लागणार, आणि थोरली भाड्याच्या ड्रेसनंतर कुणाकडे काही मागेल तर शपथ.

शेवटी मार्ग पोरींनीच काढला. संचलन आधी, अकराला. समूहगीत सगळ्यात शेवटी, साडेबाराला. "आई, मग झालं की!" थोरली म्हणाली. "मी बाराला पोटात दुखतंय म्हणून निघते. रोजच्यासारखंच."

रोजच्यासारखंच. आईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाजही वाटली.

त्या दिवशी सकाळपासून मैदानावरचा लाउडस्पीकर बिल्डिंगमध्ये ऐकू येत होता. धाकटी दोन घट्ट वेण्या घालून तयार, जिन्याखाली बसून ओठ हलवत होती. बारा दहाला थोरली आली, लालबुंद, धापा टाकत.

"झेंडा वाकला नाही आई! एकदाही नाही!"

"छान गं. चल आधी."

लिफ्ट बदकासमोर थांबली. कुजबुजसुद्धा नाही, नुसती घाई. शर्ट, स्कर्ट, टाय, बॅज. टिच टिच टिच. "झालं आई!"

आईनं हँडल फिरवलं. वर कुठेतरी खट्ट झालं आणि लिफ्ट जागची हलली नाही.

परत फिरवलं. दार उघडून लावलं. परत फिरवलं. मनगटात कळ गेली, पण लिफ्ट ढिम्म. बारा वीस. तिनं लिफ्टमधली धोक्याची घंटा दाबली. घंटा घणघणली, कुणी आलं नाही. परत दाबली. पुन्हा दाबली. एरवी पाचव्यावरचे वकील अर्ध्या मिनिटात आरडाओरडा करतात, आज चिटपाखरू नाही!

तेवढ्यात वर चौथ्या मजल्यावर पावलं वाजली. कुणीतरी नवखा माणूस म्हणाला, "अहो, लिफ्ट बंद आहे का? घंटा वाजतेय."

आणि त्याच मजल्यावरच्या अकाउंटंटकाकांचा आवाज, अगदी स्पष्ट, जणू कानाशीच: "थांबा हो पाच मिनिटं. घंटेला पोरींचा हात लागला असेल. तिच्या पोरी कपडे बदलतात आत. दोघींत एकच गणवेश आहे. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, या वेळेला कुणी बेल मारत नाही. तुम्ही जिन्यानं जा."

"अस्सं होय," तो माणूस म्हणाला, आणि पावलं निघून गेली.

ओरडायला हवं होतं ना? एवढंच करायचं होतं, ओरडायचं! पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सगळ्यांना माहीत. वर्षभर ज्यांना ती "नमस्कार साहेब" म्हणून वर नेत होती, खाली आणत होती, त्या सगळ्यांना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, बदकाकडे बघत, आणि घंटेवरचा हात आपोआप खाली आला. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"आई, अगं हाक मार ना!"

नाही जमलं तिला. शेवटी धाकटीच जाळीला तोंड लावून किंचाळली, "काकाऽऽ! लिफ्ट खरंच अडकलीये! माझं गाणं आहे!"

मग मात्र धावपळ. दारं उघडली, मॅनेजरसाहेब गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे पळाला, मेकॅनिकला फोन गेले. वरून अकाउंटंटकाका ओरडले, "घाबरू नका हां! आम्हाला वाटलं रोजचंच!"

"कळलं," ती म्हणाली. तेवढंच.

साडेबाराला लाउडस्पीकरवर समूहगीताचं नाव पुकारलं. आणि गाणं सुरू झालं, लिफ्टच्या त्या चौकोनी बोळातून खोल, घुमत आत येत होतं. थोरलीनं धाकटीचा हात धरला. धाकटी रडेल असं आईला आणि थोरलीला वाटलं. ती स्टुलावर बसली, स्कर्ट चुरगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी नीट पसरला, आणि ऐकत राहिली.

"दुसरं कडवं घाईत घेतलं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "माइक कुणाच्या तरी फार जवळ आहे."

मेकॅनिक आला, चाक हातानं फिरवत लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लावली, तेव्हा एक वाजून गेला होता. धाकटी तरीही पळत गेली. गेटातून मुलं बिस्किटांचे पुडे घेऊन बाहेर येत होती. तिलाही एक मिळाला. पूर्ण गणवेशात होती ना.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबानं बोलावलं. आता गेली नोकरी, असं धरूनच ती उभी राहिली. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "मेकॅनिक म्हणतो, मध्येच थांबवल्यानं ते झालं नाही. जुनी आहे म्हणून झालं." मग कागद उलटत, "जा आता. पोरी थांबल्या असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टच्या दाराबाहेर नवी पाटी होती, छापून घेतलेली, लॅमिनेट केलेली. दुपारी १२.१५ ते १२.२० लिफ्ट देखभालीसाठी बंद राहील. तिनं पाटी वाचली. येणारे-जाणारे तिच्याकडे बघून हसले, अगदी चांगल्या मनानं हसले. काका म्हणाले, "आता कसली भीती नाही हो तुम्हाला." ती हो म्हणाली. रागवावं कुणावर? सगळ्यांनी जे जमलं ते दिलं, पाच मिनिटं दिली. तिला फक्त फार थकल्यासारखं वाटत होतं, नऊ वाजताच संध्याकाळचे सहा वाजल्यासारखं.

सव्वाबाराला लिफ्ट बदकासमोर थांबली. मागे कुजबुज सुरू झाली, मग एकदम थांबली.

"काय झालं?" आईनं भिंतीकडे बघत विचारलं.

"आई," थोरली हळूच म्हणाली, "काल संचलनात बाई म्हणाल्या, स्कर्ट गुडघ्याच्या वर जातोय. मी सगळी बटणं सोडली होती गं. आत आता कापडच नाही."



"म्हणजे," धाकटीचा आवाज एकदम उजळला, "आता हा फक्त माझा?"

"गप गं," थोरली म्हणाली.

पाठीमागे टिचबटणं लागायला लागली, एकेक करून. आईनं दुखरं मनगट दुसऱ्या हातानं दाबलं आणि मोजत राहिली. शेवटचं लागल्यावर तिनं हँडल फिरवलं.