काकांची ‘तिकडची’ गाठ

आमच्या शेजारच्या काकांइतका निर्लज्ज आणि त्यांच्याइतका लाजाळू माणूस अख्ख्या पिपरी मेघे गावात झाला नाही. जनावरांच्या दवाखान्यात सगळी नोकरी झालेली. लग्नाच्या पंगतीत जिलेबी हातात धरून ते कुणाच्या गोऱ्ह्याचा अंडकोश किती सुजला होता ते मापासकट सांगत, आणि आसपासची पानं तशीच राहत. स्वतःच्या शरीरात मात्र कंबर ते गुडघे हा मुलूखच नव्हता. एकदा मांडीला गळू झालं तेव्हा डॉक्टरला पोटरी दाखवून म्हणाले, “याच्या थोडं वर समजा.”

त्याच मुलखात लिंबाएवढी गाठ आली. काकांनी ब्र काढला नाही. सायकल सुटली, पॅन्ट जाऊन धोतर आलं. काकूंनी कारण विचारलं तर म्हणाले, “संस्कृती.” मनातून मात्र त्यांनी कॅन्सर ठरवून टाकला होता. मग नातेवाइकांकडे जाऊन निरोप घेणं आणि जेवणं सुरू झालं. शेवटी हिंगणघाटच्या धाकट्या भावाकडे मीच त्यांना गाडीवर नेलं. काका दोन्ही पाय एका बाजूला टाकून, नव्या नवरीसारखे बसले होते. लग्नपत्रिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून या भावाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

“माफ करजो, लहान्या. आता भेट नाई.”

“काऊन? काय झालं तुले?”

काकांनी छताकडे पाहिलं. “तिकडं गाठ हाय.”

भाऊ रडला, डोळे पुसले, आणि तसाच आम्हाला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात आला. तिथे समोर तरुण डॉक्टरीणबाई. काकांनी घसा खाकरला. “एक बैल हाय. म्हातारा. त्याले उजवीकडं, खाली, गाठ आली.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “बैलाला धोतर सोडून पडद्यामागे झोपायला सांगा.”

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. गाठ साधी, पाण्याची. कॅन्सरचं नावसुद्धा नाही. चालताना त्रास होतो म्हणून काढायचं ठरलं. कमरेत भुलीची सुई देताना काका म्हणाले, “पाय नोका बांधू, मी लाथ मारत नाई.”

ऑपरेशन झालं. शुद्धीवरच असलेल्या काकांना वॉर्डात आणलं तेव्हा सुटकेपेक्षा शरमच जास्त होती. “सगळ्याइचा निरोप घेऊन बसलो. आता कोणत्या तोंडानं जगू?”

भाऊ उशाशी डबा धरून बसला होता. हळूच म्हणाला, “दादा, आता मरत नाई तू. मंग पुन्हा बोलणं बंद का?”

काकांनी तोंड भिंतीकडे केलं. “टाके निघेपर्यंत बोलत राह्य.”

“टाके काढा लागत नाई म्हणे. आपोआप विरघळते.”

काकांनी मान वळवली. भावाचे पांढरे झालेले केस त्यांना बहुधा आत्ताच दिसले.

“मंग राह्यजो,” ते म्हणाले.