तपनच्या जिन्याचा शॉट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

कात्री चालवून झाली होती. फिल्मचे दोन्ही तुकडे हातात होते. मी काठावरचे नंबर पुन्हा मोजले. कापायला नको होतं.

मी टॉलीगंजच्या एका लॅबमध्ये निगेटिव्ह कापायचं काम करत होते. हे फोर्ट विल्यममध्ये क्लार्क होते, पण छातीच्या दुखण्याने घरी बसले. डमडमची एक खोली आणि त्यांचं औषध माझ्या पगारावर चालायचं. पगार एकशे चाळीस रुपये.

काम थोडक्यात सांगते. कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह. तिला कोणी हात लावत नाही. तिच्यावरून एक साधी प्रिंट काढतात. सिनेमावाले ती प्रिंट हवी तशी कापतात, जोडतात, पुन्हा उकलतात. सगळं ठरलं की ती प्रिंट आमच्याकडे येते आणि तिच्यात जिथे जोड असेल तिथे आम्ही खरी निगेटिव्ह कापतो. प्रिंट बिघडली तर दुसरी काढता येते. निगेटिव्ह एकच. जोड द्यायला कापाच्या दोन्ही बाजूंची एकेक चौकट, म्हणजे एकेक चित्र, खरवडून जाते, ती परत येत नाही.

कधी प्रिंट नुसती फाटते आणि चिकटवलेली असते. तो जोड खोटा. तिथे निगेटिव्ह कापायची नसते. अशा जोडावर सिनेमावाल्याने पांढऱ्या पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारायच्या असतात. त्या नसतील तर आम्ही नंबर बघतो. सोळा मिलीमीटरच्या फिल्मवर फुटाफुटाला नंबर असतो, मध्ये चाळीस चौकटी. जोड असूनही चाळीस पूर्ण भरल्या, तर मधून काहीच काढलेलं नाही. म्हणजे जोड बहुधा खोटा.

या जोडावर रेघा नव्हत्या. चौकटी मात्र चाळीस भरल्या. हे मी कापण्याच्या आधीच मोजलं होतं.

शेजारच्या टेबलावर मिनतीदी बसायची. माझ्याहून जुनी.

"नंबर सलग आहेत," मी कापण्याआधी तिला म्हटलं.

"मग चिठ्ठी पाठव वर."

आमच्या खोलीतल्या बायकांनी पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, बोलायचं नाही, असा लॅबचा नियम. शंका इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून मालकांकडे पाठवायची. माझी एक चिठ्ठी पूर्वी वरच्या खोलीत मोठ्याने वाचली गेली होती. हसणं जिन्यापर्यंत ऐकू आलं होतं.

"तूच लिही ना."

"शंका तुझी, चिठ्ठी माझी? वा गं राणी!"

मी लिहिली नाही. रेघा नाहीत म्हणजे हवाच असेल काप, असं मनाला समजावलं आणि कापलं.

दुसऱ्या दिवशी सिनेमावाला मुलगा आला. नियम बाजूला ठेवून थेट आमच्या दारात उभा राहिला. अभय नाव. वडील बँकेत, जन्म कलकत्त्याचा. कॉलेजातली पाच-सहा मुलं मिळून वीस मिनिटांची रहस्यकथा करत होती. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून तो मराठीत बोलला.

"मावशी, तो जिन्याचा शॉट कापला तुम्ही?"

"हो. जोड होता."

"तो फाटला होता. मी रेघ मारायला विसरलो." मग खाली बघून त्याच्या बंगाली वळणाच्या मराठीत म्हणाला, "चुकी माझा आहे."

मिनतीदीला मराठी कळत नव्हतं, पण त्याचं तोंड बघून तिने कात्री खाली ठेवली.

त्याने वही उघडून दाखवली. सिनेमाची सुरुवात त्यात पायरी-पायरीने काढली होती. त्यांचा कॅमेरा चावी भरून चालवायचा, भाड्याचा. एका चावीत पंचवीस सेकंदांच्या आसपास चालायचा. अभयने ठरवलं होतं की सुरुवात एका चावीत बसवायची, मध्ये काप नाही. एक तरुण जुन्या घराचा जिना उतरतो. कॅमेरा खाली. नवव्या पायरीवर थांबून तो मागे वळून वर बघतो, मान पुन्हा समोर आणतो आणि सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर चालत येतो. त्यासाठी सहा दिवस घड्याळ धरून तालीम केली होती.

"म्हणजे बघणारा श्वास सोडणार नाही," तो म्हणाला. "कापलं की सोडतो."

माझा काप बरोबर नवव्या पायरीवर पडला होता. मान समोर येत असताना चेहरा एकदम उडी घेणार होता.

"पुन्हा काढता येणार नाही का?" मी विचारलं.

"तपन नाही आता."

जिना उतरणारा मुलगा तपन, अभयचा मित्र. जिना त्याच्याच घराचा, श्यामबाजारकडचा. शूटिंगनंतर महिन्याभराने एका संध्याकाळी तो घरून निघाला आणि दोन दिवसांनी मैदानाच्या कडेला मेलेला सापडला. तेव्हा कलकत्त्यात मुलं अशी मारली जायची, आणि कोणी मारलं, का मारलं, हे मोठ्याने कोणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. त्या मुलाला मी निगेटिव्हवरच पाहिलं होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. त्याचा चेहरा काळा आणि केस म्हाताऱ्यासारखे पांढरे.

"त्याच्या आईला सांगितलंय, सिनेमा त्याच्यापासून सुरू होतो," अभय म्हणाला. "दुसरा शॉटच नाही त्याचा."

तो वर मालकांकडे गेला. मी हातमोजे काढून बसले. पाच मिनिटांनी मीही गेले. सात वर्षांत पगाराशिवाय त्या खोलीत मी पहिल्यांदा पाय ठेवला.

मालक घोषालबाबू त्याला सांगत होते, "रेघ मारली नाही, लॅबची जबाबदारी नाही. नवीन काही टाकायचं असेल तर फिल्म, कॅमेरा, धुलाई, सगळे पैसे आधी."

"पैसे संपले, सर. असाच देतो मग, तुटका."

"बाबू," मी म्हटलं. "मी नंबर बघितले होते. सलग होते. चिठ्ठी पाठवली नाही."

घोषालबाबूंनी चष्मा काढला. मला ते बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. "बौदी, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग सांगितलं कशाला?"

त्यांनी कागदावर आकडे मांडले. कच्च्या फिल्मचं शंभर फुटांचं एक रीळ, दिवसाचं कॅमेरा-भाडं, धुलाई आणि प्रिंट. एकशे ऐंशी रुपये. "लॅब देईल. महिना पंधरा तुमच्या पगारातून कापेन. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. घरी काय कमी करायचं ते जिना उतरताना मोजलं. घरी हे एवढंच म्हणाले, "तू वर जाऊन बोललीस? तू?"

मध्ये दुसरा शॉट आला की ती उडी झाकली जाते. आता कापाच्या जागी काय घालायचं ते ठरवायचं होतं. दुपारी माझ्या टेबलापाशी अभय वही घेऊन बसला. घोषालबाबूंनी परवानगी दिली, अर्धा तास.

"पाय घालू," तो म्हणाला. "तो वर बघतो, तर मागून बूट उतरताना दिसतात."

"कोणाचे बूट?"

"पाठलाग करणाऱ्याचे."

"ते पुढे कधी दिसतात?"

"शेवटी."

"मग आत्ताच दाखवलेत तर शेवटी काय दाखवाल?"

तो पेन्सील चावत राहिला. मला इतकं बोलायची सवय नव्हती, पण तो शॉट मी इतक्या वेळा बघितला होता की गप्पही बसवेना. "त्याला मागे काहीच दिसत नाही," मी म्हटलं. "नुसता जिना. रिकामा."

"रिकाम्या जिन्याला कोण घाबरेल, मावशी?"

मी वही त्याच्याकडे सरकवली. त्याने तीत जिना काढला आणि त्यावर माणूस काढला नाही.

"एक सेकंद पुरे," तो म्हणाला.

"एका सेकंदात जिना दिसतो. कोणी येतंय का, ते बघायला वेळ लागतो. तीन करा." मी टेबलावर जवळजवळ दोन फूट फिल्म पसरून दाखवली. "एवढी."

रविवारी त्यांच्यासोबत मी श्यामबाजारला गेले, कारण जुन्या शॉटशी जुळवायला चौकटी माझ्या डोक्यात होत्या. तपनच्या आईने दार उघडलं. अभय त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचा. जिना त्यांनी धुऊन ठेवला होता. अभयने कॅमेरा खाली लावला, उजेड बघितला, चावी भरली.

मी अभयशी मराठीत बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. "वरून तिसऱ्या पायरीवर चपला होत्या. डाव्या बाजूला. त्या नसतील तर शॉट जुळणार नाही."

अभयने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं त्या कोणाच्या होत्या. शूटिंगसाठी तपनने बूट घातले होते आणि चपला पायरीवर सोडल्या होत्या.

माशीमांनी अभयला विचारलं, "काय हवंय म्हणते ती?" त्याने बंगालीत सांगितलं. त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. चपला वर्तमानपत्रात बांधलेल्या होत्या. त्यांनी कागद सोडला, वर चढल्या आणि वाकून ठेवल्या.

"अशा?" त्यांनी मला विचारलं.

चपला एकमेकींना चिकटून सरळ होत्या. शॉटमध्ये एक तिरकी होती. मी मान हलवली आणि म्हटलं, "बरोबर." तेवढा फरक मी राहू दिला.

कॅमेरा चालला. तीन सेकंद झाले तरी अभयने बटण सोडलं नाही.

तो तुकडा मीच जोडला. प्रिंट तपासताना छोट्या पडद्यावर पाहिलं. तपन उतरतो, थांबतो, वळून बघतो. रिकामा जिना, दोन चपला. मग तपनचं तोंड समोर. उडी दिसत नव्हती. घोषालबाबू मागे उभे होते. "तिरकी चप्पल सरळ झाली," ते म्हणाले. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. पण त्यांनी पुन्हा काढा म्हटलं नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धेत सिनेमा दाखवला. मी गेले नाही. अभयने नंतर येऊन सांगितलं की सुरुवातीला हॉल चिडीचूप होता आणि दहाव्या मिनिटाला मुलं खोकायला लागली. बक्षीस दुसऱ्यांना गेलं. माशीमा जिन्यापुरत्या बसल्या आणि उठून घरी गेल्या.

त्यानंतर नंबर सलग दिसले की मी चिठ्ठी पाठवायची. वर कधी हसायचे, कधी नाही. निगेटिव्ह कापणाऱ्या बाईला विचारायची लाज परवडत नाही, एवढं मी शिकले, आणि शिकवणी महाग पडली.

पंधरा-पंधरा रुपये बारा महिने कापले गेले. बाराव्या पगाराला घोषालबाबूंनी वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली माझी सही घेतली. एकशे ऐंशी रुपये पूर्ण फिटले.