आज कोणती संस्कृती बुडाली?

ऑनलाइन कॉलेजात शिकणाऱ्या बाईला घरात कोणी विद्यार्थिनी मानत नाही. खांद्याला पिशवी लावून सकाळी बाहेर पडते, संध्याकाळी दमून घरी येते, ती शिकते. जेवणाच्या टेबलाशी कानात इअरफोन घालून बसलेली बाई नुसती बसलेली असते. तिला चहा टाकायला सांगता येतो, कुरियर घ्यायला उठवता येतं, जाता जाता दळण टाकून येशील का म्हणून विचारता येतं. मी प्राचीन जगाचा अख्खा इतिहास असा उठत-बसत शिकले. सुमेरच्या धड्याला कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि इजिप्तचे पिरॅमिड निम्मे बांधून होतात न होतात तोच गॅसवाला आला.

ऑनलाइनचं हे खूळ नवऱ्याच्या डोक्यातलं. तो हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीची बस, रात्री कंपनीची बस. लग्न ठरलं तेव्हा मी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इतिहास घेऊन. बोलणी करताना ही सगळी मंडळी म्हणाली होती, पुण्यात काय, कॉलेजंच कॉलेजं, शिकू दे की पुढे. होती ना कॉलेजं. कसबा पेठेतल्या आमच्या फ्लॅटपासून चालत जाण्यासारखीही होती. पण आधी सासूबाईंचं आजारपण निघालं, मग त्या गेल्या, मग मुलगा लहान, मग मुलाची शाळा. सगळ्यातून मान वर काढून मी विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, "ऑनलाइन कर ना. घर सोडायला नको, काही नको." त्याला वाटलं, केवढी सोय करून दिली.

मला पदवी नुसती भिंतीवर लावायला नको होती. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात सकाळच्या वेळात काम करत होते. दाखले लिहायचे, पालकांची बोलणी खायची, वर्गावर मात्र जायचं नाही. आमच्याकडे इतिहास शिकवणाऱ्या बाई त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "पदवी हातात घेऊन या, जूनपासून पाचवी ते सातवीचा इतिहास तुमचा. बी.एड. नोकरीत राहून करा, सांभाळून घेऊ." एक शेवटचा पेपर राहिला होता माझा, जगातल्या आरंभीच्या संस्कृतींचा. तो एप्रिलमध्ये होता. म्हणजे सगळं त्या एका पेपरावर होतं, आणि घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

सासऱ्यांना तर चांगलंच माहीत होतं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पेन्शन घेणारा पुणेकर माणूस, त्यामुळे वेळ भरपूर आणि जीभ धारदार. लग्न होऊन मी आले तेव्हा पहिले काही महिने त्यांना थट्टेला माझी भाषा पुरली. मी एकदा "भाजी चिरून राहिली" म्हणाले, तर "चिरून राहिली, करून राहिली, राहून राहिली," असं मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत बसले होते. मी भाषा बदलली. मग त्यांना दुसरा विषय हवाच होता, तो माझ्या कॉलेजने पुरवला. रोज संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की पेपरातून मान वर न करता विचारायचे, "काय, आज कोणती संस्कृती बुडाली?"

एकदा वरण खाली लागलं. ते त्यांनी चमच्याने ढवळून बघितलं आणि म्हणाले, "उत्खननात निघालेलं दिसतंय." बाबिलोनच्या मनोऱ्याचं चित्र स्क्रीनवर बघून म्हणाले, "पर्वतीलाही पायऱ्या आहेत. तिच्यावर कोणी कोर्स काढत नाही ते." त्यावर मी हसलेही असेन. हसल्याशिवाय त्या घरात दिवस कसा काढणार? पण रोज रोज हसून मला वीट आला होता.

कॉलेजचं तरी काय कौतुक सांगायचं. शिकवणारे गृहस्थ व्हिडिओत असायचे, छान सूट घातलेले, कुठे बसून बोलायचे देव जाणे. त्यांना थांबवता यायचं, पुढे पळवता यायचं, विचारता काही यायचं नाही. विचारायला एक चर्चेचं पान होतं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मला इनामगावच्या उत्खननाचं एक पुस्तक मिळालं होतं. इनामगाव इथून काही तासांवर, शिरूरच्या बाजूला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती, जव-गहू पिकवत होती, आणि मेलेल्या माणसांना घरातच, जमिनीखाली पुरत होती. मोठ्यांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडायचे. मेल्यावरही माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असा काही जणांचा अंदाज आहे. ते वाचलं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. म्हटलं, बाई, तुझं सासर फारच जुनं आहे.

हे मी चर्चेच्या पानावर लिहिलं, हसण्याचं सोडून. इंग्रजी जुळवून जुळवून, दोन दुपारी घालवून. जगातल्या आरंभीच्या वस्त्यांमध्ये आपल्या इनामगावाला जागा का नाही, असं विचारलं. उत्तर आलं, आपले विचार मांडल्याबद्दल धन्यवाद, फारच सुंदर मुद्दा. सगळ्यांच्या प्रश्नांखाली तेच उत्तर होतं. एकाने तर पासवर्ड विसरलोय म्हणून लिहिलं होतं, त्यालाही फारच सुंदर मुद्दा.

आता दह्याचं सांगते. घरातलं कोणी परीक्षेला निघालं की हातावर साखर घातलेलं दही द्यायचं, ही रीत बहुतेक घरांत असते. आमच्याकडे ते सासूबाई द्यायच्या, त्या गेल्यावर सासऱ्यांनी सुरू ठेवलं. मुलाच्या दहावीच्या प्रत्येक पेपराला त्यांनी दिलं. नवऱ्याचा परदेशी जाण्यासाठी इंटरव्ह्यू होता, तेव्हा टाय लावलेल्या त्या घोड्यालाही दिलं. दही मी लावायचे, साखर मी घालायचे, वाटी घेऊन मी उभी राहायचे, हातावर ठेवायचे ते. माझ्याही परीक्षा झाल्या त्या काही वर्षांत, पण घरात बसून कसली परीक्षा? घराबाहेर जो जात नाही त्याच्या हातावर दही कोण घालतं? मी कधी मागितलं नाही. असल्या गोष्टी काय मागून घेतात?

शेवटच्या पेपराच्या दिवशी नवरा कंपनीत, मुलगा क्लासला आणि मी शाळेत रजा टाकलेली. परीक्षा लॅपटॉपवर, सकाळी दहा ते साडेबारा. कॅमेरा सगळं बघत असतो. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, बोलता कामा नये, कॅमेऱ्यासमोरून हलता कामा नये. मी सासऱ्यांना आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा सांगितलं, "बाबा, साडेबारापर्यंत खोलीत येऊ नका हं." ते म्हणाले, "नाही येत. आमचं काय आत सोनं पुरलंय?" मी दार लोटून घेतलं, कडी लावली नाही. दिवसाउजेडी सुनेने आतून कडी लावून बसायचं आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नाही.

अर्धा तास होऊन गेला होता. हम्मुराबीच्या कायद्यांवरचा मोठा प्रश्न आला होता, मला येणारा. हात भराभर चालत होता. तेवढ्यात दार उघडलं. सासरे आत आले, हातात वाटी आणि चमचा. घामाघूम झाले होते. घरातलं दही आंबट निघालं म्हणून ते गुडघा दुखत असताना डेअरीपर्यंत जाऊन ताजं घेऊन आले होते, म्हणून उशीर. हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "हात पुढे कर."

स्क्रीनवर लाल पट्टी आली होती. खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मी ती वाचली. मग उजवा हात पुढे केला. त्यांनी तळहातावर दही घातलं, मी ते खाल्लं, आणि सवयीने वाकून पायाला हात लावला. वर येऊन बघते तर पेपर बंद झालेला. तुमची परीक्षा थांबवण्यात आली आहे, एवढंच पांढऱ्या पडद्यावर. "लिही आता नीट," म्हणाले, आणि दार लोटून निघून गेले. त्यांना स्क्रीन दिसलाच नव्हता. मी साडेबारापर्यंत तिथेच बसून राहिले, कारण बाहेर येऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं. बाहेर आले तर त्यांनी विचारलं, "कसा गेला?" मी म्हणाले, "बरा."

मग कॉलेजच्या मदतीच्या नंबरावर रोजचे फोन. शेवटी एक मुलगा लाभला, आवाजावरून पंचविशीचा, इथलाच. त्याने रेकॉर्डिंग बघितलं होतं. म्हणाला, "मॅडम, व्हिडिओत क्लिअर दिसतंय. एक पर्सन आत आला, त्याने तुमच्या हातात काहीतरी दिलं, तुम्ही ते तोंडात टाकलं, मग तुम्ही कॅमेऱ्याच्या खाली गेलात."

"अहो, नमस्कार केला मी. दही होतं ते."

"मॅडम, मला कळतंय. माझी आईपण देते. पण सिस्टीममध्ये दह्याला कॅटेगरी नाहीये."

त्याचा काही दोष नव्हता, तरी मी त्याला नाही नाही ते बोलले. अर्ज केला, तो फेटाळला. पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी, नियमाप्रमाणे. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मी थांबले असते हो, पण संस्थेला जूनला माणूस हवं." जूनला माणूस आलं. नव्या बाई तरुण आहेत, बोलायला गोड आहेत. त्यांच्या रुजू होण्याचे कागद मीच तयार केले, ऑफिसात दुसरं कोण आहे?

पेपराच्या दिवशीच रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो आधी म्हणाला, "कडी का नाही लावलीस?" मग म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल." मला काय वाटलं असेल हे त्याने विचारलं नाही. वाईट माणूस नाही तो. पण त्या रात्री मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, ते खरं.

सासऱ्यांनी मात्र गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, सून जूनपासून शाळेत शिकवायला लागणार. माझ्या तोंडावर मात्र एक शब्द नाही. जून उलटला, तरी मी ऑफिसातच. एका दुपारी मी शाळेतून घरी येऊन चप्पल काढत होते, तर म्हणाले, "काय गं, निकाल लावायला त्यांना हम्मुराबीची परवानगी लागते का?"

तेवढं पुरे झालं. सगळं भडाभडा बाहेर आलं. कॅमेरा, लाल पट्टी, बंद झालेला पेपर, सहा महिने, नव्या बाई. "तुम्ही आलात म्हणून गेली माझी नोकरी," मी म्हणाले. "दोनदा सांगितलं होतं येऊ नका म्हणून. इतकी वर्षं थट्टा केलीत ती केलीत, वर हेही केलंत." त्यांना लागावं म्हणूनच मी बोलत होते. लागलं त्यांना. चष्मा काढून हातात धरून बसले. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता, आणि मला बरं वाटलं.

मग ते म्हणाले, "ते दिसत होतं तुला स्क्रीनवर?"

"हो."

"मग खाल्लंस कशाला? हाताने नको म्हणायचंस. मी गेलो असतो परत."

उत्तर होतं माझ्याकडे. या घरात आल्या दिवसापासून दुसऱ्यांच्या हातावर पडणारं दही मी वाटी धरून बघत आले होते. त्या दिवशी ते माझ्या हातावर पडत होतं, आणि पुन्हा पडेल याची मला खात्री नव्हती. नोकरी जाताना दिसत होती, तरी मी हात मागे घेऊ शकले नाही. एवढी भुकेली होते मी. हे त्यांना सांगायचं तर त्या भुकेसकट सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढी लाज मी अजून सोडली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले, आणि आत जाऊन कणीक भिजवायला घेतली.