बिल्ल्याची मागची बाजू

मी सातवी शिकलेला माणूस. रेल्वेच्या पोलिसात शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो. सजवून लिहिता येत नाही, सरळ लिहितो.

नव्वदनंतरची गोष्ट. लखनौला मानक नगरच्या चौकीवर होतो. सुट्ट्या पैशांची फार चणचण होती. आमच्या क्वार्टर्सजवळच्या बाजारातल्या दुकानदारांनी एकी करून पितळी बिल्ले काढले, एका बाजूला मासा ठोकलेला. किराणावाल्याने सुट्टे म्हणून दिलेला बिल्ला चक्कीवर चाले, शिंप्याकडे चाले. त्या बाजाराबाहेर कोणी विचारत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक तिथेच परत यायचं. नवरा गेल्यावर चक्की चालवणारी बाई त्यावरच तगली होती.

मग चौकीत बिननावाची चिठ्ठी आली. बिल्ल्यांचं पितळ रेल्वेच्या वर्कशॉपमधून चोरलेलं आहे म्हणून.

आमचा कायदा असा, की रेल्वेचा माल ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो कुठून आणला ते सिद्ध करायचं. म्हणजे अख्खी वसाहत आरोपी. दुपारपर्यंत लोक बिल्ले नाल्यात फेकू लागले. चक्की बंद पडली. मी रस्त्याने गेलो की दारं लागत. खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. माझी बायको त्याच बाजारात जायची. फौजदाराच्या घरात चोरीचा माल निघाला तर नोकरी गेलीच.

बिल्ले कापणारा म्हातारा तांबट आणून बसवला.

"पीतल कहाँ से लाया?"

"चोरी का नहीं है, हुजूर."

"तो किसका है?"

"वह न पूछिए. जबान दी है."

"तेरी जबान के पीछे सारा बाजार अंदर जाएगा!"

"तो पहले हमें भेज दीजिए. बस यह चाय पी लें, इजाजत हो तो."

मी टेबलावर काठी आपटली. चहा सांडला. म्हातारा घाईघाईने गमछ्याने टेबल पुसू लागला, पण नाव सांगेना. गप्प बसतो म्हणजे चोर पक्का, असं धरून मी अटकेचे कागद काढायला सांगितले आणि जेवायला घरी गेलो.

"बिल्ले असतील तेवढे आण."

बायकोने डबा आणला. बाजारातले बिल्ले काळे पडलेले, हिचे मात्र लखलखीत. घरच्या भांड्यांसारखे चिंच लावून घासलेले. एक उलटा पडला. मागे ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'मामाक', पुढची अक्षरं कापली गेलेली.

आमच्याकडे लग्नात भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. मी मांडणीकडे पाहिलं. तिच्या मामाकडून आलेली घागर जागेवर नव्हती.

"सगळ्या दुकानदारांनी घरचं पितळ दिलं," ती म्हणाली. "चक्कीवालीकडे काही नव्हतं. तिच्या वाटचं मी दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडला असता. त्या तांबटालाही म्हटलं होतं, साहेबांना कळू देऊ नका."

चौकीत परत येऊन पंचांसमोर जप्त बिल्ल्यांचं पोतं ओतलं, शिपायांना चिंच देऊन घासायला बसवलं. बिल्ल्याबिल्ल्यावर अर्धी-अर्धी नावं निघाली; तिकडेही भांड्यांवर नावं घालतात, घरातल्या बायकांची. दुकानदारांनी आपापल्या आयांची, बायकांची नावं ओळखली. बायकोचा जबाब मलाच घ्यावा लागला. ती माझ्यासमोर आरोपीसारखी उभी. मी बस म्हटलं तरी बसेना.

"बैठ जाइए भाभीजी," तांबट म्हणाला, "साहब काटते नहीं."

चौकी हसली. ती हसली नाही.

गुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी चक्की सुरू झाली, बिल्ले पुन्हा फिरू लागले.

या केसने शिकवलं ते एवढंच, की गप्प बसलेला माणूस चोरच असतो असं नाही, तो समोरच्याला भ्यालेला असतो. चौकीत मी हे शिकलो. घरी नाही शिकलो. बायकोच्या शेवटच्या आजारात मी रोज विचारायचो, दुखतंय का? ती नाही म्हणायची. तो जबाब मी खरा धरला.